बुटात उगवलेले धान

मी एक जुना पितळी चमचा आहे. मित्रांनो, लगेच वरणभाताची आठवण काढू नका. मी वाढायचा चमचा नव्हे. घट्ट बूट घालताना टाचेमागे जी वाकडी, गुळगुळीत पट्टी धरतात ना, ती मी. बुटांच्या कंपनीच्या भाषेत मला एक इंग्रजी नाव होते, पण आमच्या भंडारा गावात ते कुणाच्या जिभेवर बसले नाही. सगळे चमचाच म्हणत, आणि मीही त्याच नावाला ओ देऊ लागलो.

आधी मी एका फुटक्या गुंडाचा, म्हणजे पाणी भरायच्या पितळी हंड्याचा, काठ होतो. त्या जन्मातले मला फारसे आठवत नाही. पाण्याचा एक थंड आवाज आठवतो आणि कुणाच्या तरी बांगड्या किणकिणल्याचे आठवते, तेही झोपेत ऐकल्यासारखे. मग एके दिवशी कासाराच्या दुकानात मोडीच्या ढिगातून मला टेकचंदने उचलले.

टेकचंद हा मोठ्या रस्त्यावरच्या बुटांच्या दुकानात कामाला होता. ते दुकान एका कंपनीचे होते. तशीच पाटी, तसेच आरसे आणि तसेच भाव असलेली तिची दुकाने म्हणे गावोगाव होती. कंपनीने दिलेला पत्र्याचा चमचा एका म्हाताऱ्याच्या टाचेला लागला होता आणि रक्त आले होते. म्हणून टेकचंद स्वतःहून नवा घडवून घ्यायला आला होता.

"कंपनी देत नाई काय रे?" म्हाताऱ्या कासाराने विचारले.

"देते ना, काकाजी. पन टाचा त आपल्या गावच्या हायेत."

कासार हसला आणि मला ठोकू लागला. त्याने माझी धार घासून घासून अशी मऊ केली, की मी लोण्यावरून फिरलो तरी रेघ उमटू नये. मला माझ्या रूपाचा थोडा गर्व आहे, तो तेव्हापासूनचा.

माझे दिवस दोन ठिकाणी जात. एक टेकचंदच्या सदऱ्याचा खिसा आणि दुसरे बुटांचे पोट. बुटाच्या आत अंधार असतो, पण तो भिववणारा नसतो. दुपारी गोधडीखाली डोके घेतल्यावर असतो, तसा असतो. नव्या कातड्याचा वास, एक अवघडलेली टाच आणि वरून कुठून तरी येणारे बोलणे. त्या अंधारात मी नेहमी अर्धा झोपेत असे. माणसांचे चेहरे मी फार थोडे पाहिले, पण टाचा मात्र ओळखू लागलो. भाताच्या रोवणीच्या चिखलात उभ्या राहिलेल्या टाचांना भेगा असत आणि त्या भेगांत घरून पाय धुऊन निघाल्यावरही शेत उरलेले असे. मला त्या टाचा सगळ्यांत आवडत. त्या बुटात शिरताना लाजत.

टाचा लाजत, पण तोंडे लाजत नसत. काय काय ऐकले आहे मी! "कंपनीचा माल पहिल्यासारखा राहिला नाही." "मागल्या खेपेची चप्पल दोन महिन्यांत फाटली, हेच का तुमचे नाव?" "एवढे मोठे दुकान आणि बसायला बाकडी दोन?" "भाव कमी करायचा नाही म्हणजे काय? देवाचा प्रसाद आहे का?" मित्रांनो, यातले पुष्कळ बोलणे खरे होते. चप्पल खरोखर फाटलेली असे. बाकडी खरोखर दोनच होती. पण ज्या कंपनीवर लोक रागवत, ती तिथे असायची कुठे? ती लांबच्या शहरात पंख्याखाली बसलेली असे. तिच्या जागी गिऱ्हाइकासमोर गुडघे टेकून टेकचंद बसलेला असे, आणि सगळा राग त्याच्या टाळूवर पडे. तो म्हणे, "बरोबर हाय तुमचं," आणि पुढचा डबा उघडे. खिशात परत गेल्यावर मात्र मला त्याची छाती धडधडताना ऐकू येई.

त्याला गप्प राहणे भाग होते. तो अजून कायम झाला नव्हता. दिवाळीनंतर कंपनीचे नागपूरचे साहेब येणार होते आणि त्याला कायम करायचे की नाही, ते ठरवणार होते. एखाद्या गिऱ्हाइकाची तक्रार त्यांच्या कानावर गेली, की संपले. मोहाडीच्या आनंदरावांनी आपली मुलगी चंद्रकला त्याला द्यायचे कबूल केले होते, पण साफ सांगितले होते, की नोकरी कायम झाली की मगच हळद. दुकानात कुणी नसले की टेकचंद मला रुमालाने पुसत बसे आणि हळूच तिचे नाव घेई. ते नाव ऐकणारा मी एकटाच होतो.

अशात केवळराम आला.

केवळराम पवनीजवळच्या नदीकाठच्या गावचा, जातीने ढीवर, मासे धरणारा. दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. त्या मंडईत दंडार होते, म्हणजे गावचीच माणसे सोंगे घेऊन नाचतात, गातात, नाटक करतात. केवळराम त्या वर्षी साहेबाचे सोंग घेणार होता आणि गावाने ठरवले होते, की आपला साहेब अनवाणी शोभणार नाही. म्हणून तो काळे बूट घ्यायला आला होता. आयुष्यात त्याने बूट घातला नव्हता. पाण्यात आणि गाळात उभे राहून त्याची बोटे पंख्यासारखी पसरली होती. कंपनीचा सगळ्यांत मोठा बूट त्याला लांबीला पुरे, रुंदीला मात्र काही केल्या पुरेना. मी टाचेमागे जीव तोडून सरकत होतो.

"बूट होय का उंदराचा पिंजरा?" केवळराम गरजला. "इतली मोठी कंपनी, अन् मानसाचा पाय कसा असते ते ठाऊक नाई? भाव एकच, माप एकच. मंग गिऱ्हाईकबी एकच ठेवा ना! पैसे पुरे घेता त बूट पुरा द्या!"

सगळे दुकान वळून पाहू लागले. मग तो खाली वाकला आणि टेकचंदच्या कानात म्हणाला, "रागवू नको, बाबू. मी दंडारीत साहेब होतो ना, म्हनून रागवाची सवय करून राहिलो."

टेकचंदला हसू फुटले. पण गल्ल्यावर बसलेल्या व्यवस्थापकांना फक्त ओरडणे ऐकू गेले होते. केवळराम पुन्हा दोनदा आला, दोन्ही वेळा बूट शिरला नाही आणि दोन्ही वेळा त्याने आपला सराव करून घेतला. मंडई तोंडावर आली होती. शेवटी टेकचंद म्हणाला, "काकाजी, बूट मी मोठा करून ठेवतो. भाऊबीज झाली का या."

धानाच्या मुलखात वाढलेल्या पोराला जे सुचेल, तेच त्याला सुचले. भिजलेले धान फुगते. फुगले की कातडे ताणते. संध्याकाळी त्याने घरून आणलेले जुने धान पाण्यात बुचकळले आणि मागच्या खोलीत दोन्ही बुटांत ठासून भरले. टाचेची कड दबू नये म्हणून एका बुटात मला उभे केले आणि बूट डब्यात घालून झाकण लावले. कंपनीच्या मालाला पाणी लावायचे नाही, असा नियम होता. पण एका रात्रीचा तर प्रश्न होता. सकाळी येऊन तो सगळे काढणार होता.

सकाळी दुकान उघडलेच नाही. व्यवस्थापकांनी रात्रीतून मनात आणले आणि दिवाळीभर कुलूप लावून किल्ली घेऊन गावी गेले. टेकचंद कुलपापाशी येऊन उभा राहिला असेल. मी आत होतो, मला काही कळले नाही.

मित्रांनो, ते दिवस मी कसे सांगू? डब्याच्या आत बूट, बुटाच्या आत धान आणि धानाच्या आत मी. आधी नुसती ऊब होती. मग दाणे फुगू लागले आणि मला चहूकडून मायेने दाबू लागले. मग काहीतरी मऊ, ओले, बारीक माझ्या पाठीला लागले. ती मुळे होती. ती माझ्यावरून चाचपडत जात, वळत, पुन्हा येत. मला स्वप्न पडू लागले, की मी चमचा नाहीच. मी पुन्हा गुंड आहे, बांधावर ठेवलेला आहे, पाण्याने काठोकाठ भरला आहे आणि बायका गाणे म्हणत रोवणी करत आहेत. त्यांच्या टाचा चिखलात बुडतात आणि वर येतात. वर कुणीही कुणावर रागावलेले नाही. किती वेळ गेला ते ठाऊक नाही. मला जागे व्हायचेच नव्हते.

झाकण उघडले, तेव्हा उजेड सुरीसारखा आला.

डबा नागपूरच्या साहेबांनी उघडला होता. भाऊबीज झाल्यावर दुकान उघडले त्याच सकाळी ते कुणालाही न कळवता पहिल्या गाडीने आले होते आणि माल तपासत मागच्या खोलीत शिरले होते. दोन्ही काळ्या बुटांतून फिकट पिवळट कोंब दाटीने वर आले होते. उजेड न लागलेले पऱ्हेच ते, रोवणीआधीची भाताची रोपे. शेजारी व्यवस्थापक घाम पुसत होते. ठरल्याप्रमाणे आलेला केवळराम दारातून डोकावत होता, आणि त्याच्या मागे नुकताच पोचलेला टेकचंद होता.

"हे कुणी केलं?" साहेबांनी विचारले. आवाज अगदी हळू होता.

टेकचंदने तोंड उघडले, पण त्याच्या आधी केवळराम पुढे झाला. त्याचा चेहरा कौतुकाने फुलला होता.

"साहेब, ते माये बूट होत! तुमच्या कंपनीचा बूट कोनाच्या पायात जात नाई. या पोरानं धान भिजवून भरलं. तुमच्या कंपनीले जे जमलं नाई ते यानं केलं, पाहा!"

त्याने हे मनापासून सांगितले. साहेबांनी मान डोलावली. केवळरामला वाटले, शाबासकी मिळाली.

टेकचंदने कोंब उपटले, बूट कोरडे पुसले आणि केवळरामला बाकड्यावर बसवले. नेहमीसारखे गुडघे टेकून त्याने मला टाचेमागे धरले. आणि काय सांगू, पाय सरळ आत गेला! पाणी उतारावरून जावे तसा गेला. माझ्या सगळ्या आयुष्यातला तो सगळ्यांत सुरेख क्षण असता. पण त्याच वेळी टेकचंदच्या डोक्यावर उभे राहून साहेब म्हणाले, "पहिल्या तारखेपासून येऊ नका." ते त्याच्याकडे पाहतही नव्हते. कोंबांचा चिखल जमिनीवर पडला होता, तिकडे पाहत होते. टेकचंद गुडघ्यांवरच होता. त्याची बोटे माझ्यावर घट्ट आवळली आणि तशीच राहिली. केवळरामचा पाय त्याच्या हातात होता. शाबासकी नव्हती, हे आता केवळरामलाही कळले.

पुढचे थोडक्यात सांगतो, कारण ते सांगताना मला बरे वाटत नाही. चंद्रकलेचे लग्न तुमसरच्या एका कारकुनाशी झाले. टेकचंदने मग कधी तिचे नाव घेतले नाही, निदान माझ्यापाशी तरी नाही. पुढे त्याने पवनीच्या बाजारात चपलांचे छोटे दुकान टाकले, मंदाबाईशी लग्न केले, पोरेबाळे झाली. मी कंपनीचा नव्हतो, म्हणून त्याच्याबरोबर आलो. ऐंशी साल उलटले तशी प्लास्टिकच्या चपलांची माळच दारावर लोंबू लागली. त्यांना चमचा लागत नाही. मी भिंतीतल्या कोनाड्यात पडून असतो. पाठीवर मुळांचे हिरवट डाग राहिले आहेत, ते कुणी घासत नाही. मला त्याचे दुःख नाही. दुपारी डोळा लागला की मला अजून ती ऊब जाणवते.

त्या वर्षीच्या मंडईची गोष्ट मात्र मी मुद्दाम शेवटी ठेवली आहे.

केवळरामने एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला होता, की चमच्याशिवाय बूट चढत नाही, ये. नोकरी गेलेल्या माणसाने कशाला जावे? पण टेकचंद गेला. भर दुपार होती. मैदानात माणसे दाटली होती, ढोलकी वाजत होती. पडद्यामागे खाटेवर केवळराम कोट घालून बसला होता. टेकचंद सवयीने त्याच्यासमोर खाली बसला आणि पायाकडे हात नेला. केवळरामने पाय झटकन वर ओढून घेतला. त्याने मला टेकचंदच्या हातातून काढून घेतले आणि स्वतःच बूट घालू लागला. मला आधी उलटे धरले, मग आडवे. कपाळावर घाम आला. बाहेरून हाका येऊ लागल्या. बराच झगडा करून त्याने बूट चढवले, मला खाटेवर ठेवले, टेकचंदच्या खांद्याला धरून त्याला खाटेवर बसवले आणि बाहेर गेला.

नाटकात साहेब शिपायाला झापतो, असा प्रवेश होता. शिपाई साहेबाच्या पायाशी गुडघे टेकून बसला होता. केवळरामने ज्या बोलांचा इतका सराव केला होता, ते आता यायचे होते. लोक हसायला तयार बसले होते. बूट करकरले आणि थांबले. ढोलकीवालाही थांबला.

मग केवळरामचा आवाज आला, मोठा नाही, साधाच.

"उठ. पयले उभा राय, बापा. मंग रागवतो मी तुले."

लोक हसले. त्यांना तो नाटकातलाच विनोद वाटला. पडद्यामागे टेकचंदने मला दोन्ही हातांत धरले होते आणि तो रडत होता. भंडाऱ्यात एवढी वर्षे त्याच्या टाळूवर बोलणी पडली, तेव्हा तो कधी रडला नव्हता.

मित्रांनो, चप्पल फाटली तर दुकानात जरूर जा. माल वाईट असेल तर जरूर रागवा, माझी त्याला हरकत नाही. पण तुमच्या पायाशी कुणी बसलेला असेल, तर आधी त्याला उभे राहू द्या.