अंजूचं वाक्य

माझं डोकं लवकर फिरतं, हे शिरूर अनंतपाळच्या बसमधल्या कंडक्टरपासून सगळ्यांना ठाऊक आहे. पण तिसरीच्या वर्गात गोष्ट सुरू झाली की मी गुपचूप बसते. पोरं गोल करतात, लोकरीचा गुंडा हातोहात फिरतो. ज्याच्या हातात गुंडा, त्यानं गोष्टीत एक वाक्य घालायचं. शेवटचं वाक्य तेवढं बाईंचं, म्हणजे माझं.

उन्हाळ्यात आमच्या वर्गातली अंजू विहिरीत पडून गेली. शाळा भरली तेव्हा पोरांनी गोलात मल्लेशच्या शेजारी तिची जागा मोकळी सोडली. मग एकदा पाहिलं तर गुंडा त्या जागेवर ठेवून पोरं थांबलेली. जरा वेळानं मल्लेशनं तो उचलला अन् म्हणाला, "मग त्या पोरीला पाण्याची भीती वाटंना झाली."

"मधेच पाणी कुठून आलं रे?" मी खेकसले.

"आत्ता अंजूनं सांगितलं की, मॅडम. पोरगी पाण्यात बसून राह्यली म्हणून."

दटावायला उठले, पण तशीच खाली बसले.

त्यानंतर रोज हेच. अंजूची आई उज्वला आमच्या शाळेत खिचडी शिजवते. गोष्टीच्या वेळी ती चूल सोडून वर्गाच्या दाराशी उभी राहायची. एक दिवस तिनं मला व्हरांड्यात गाठलं.

"मॅडम, गोष्टीतली पोरगी घरी कधी येणार हाय?"

"उज्वलाताई, वेड लागलंय का? पोरांचा खेळ आहे तो."

"आसंल. पण शेवट तुमच्या हातात हाय ना? तेवढी घरी आणा तिला. लई दिवस झाले, भिजून राह्यली."

तिचं तोंड बघून मला रडूच आलं. आणि खरं सांगते, त्या मोकळ्या जागेची मला धास्तीही बसली होती. शनिवारी गुंडा हातात घेतला आणि गोष्ट संपवून टाकली. म्हटलं, "पोरगी पाण्यातून बाहेर आली आणि आईकडे घरी गेली."

सोमवारी पोरं खांद्याला खांदा लावून बसली. मधे फट म्हणून नव्हती.

"अंजूची जागा कुठाय रे?"

"ती घरी गेली की," मल्लेश म्हणाला.

खिचडीची चूल थंडच होती. उज्वला आलीच नव्हती. माझा जीव थाऱ्यावर राहीना, भर दुपारी तिच्या घरी गेले. उज्वलानं दार थोडंसंच उघडलं. लुगडं छातीपाशी ओलंचिंब, चेहरा मात्र शांत, सुखी. मी तोंड उघडणार, तोच तिनं ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोला, मॅडम. आत्ता कुठं झोपली."