दुसऱ्या रिंगच्या आत

"मॅडम, तुमच्या स्वतःच्या डोक्यावर किती कर्ज आहे?"

सभागृहभर हशा. पैज मैत्रिणींनी लावली होती, आणि माझी जीभ हल्ली कुणालाच जुमानत नाही. दहावीच्या मुलींना पैशांचे धडे द्यायला बँकेतून आलेल्या मॅडम आता भडकणार, असं सगळ्यांना वाटलं. त्यांनी मात्र शांतपणे चष्मा पुसला आणि सांगितलं की घराचं आहे, अजून चौदा वर्षं फेडायचंय. शिवाय मध्यंतरी आठ महिने दुसऱ्याच एका बाईचं कर्ज चुकून त्यांच्या नावावर लागलं होतं.

मैत्रिणीने माझी ओढणी खेचली. जिंकलीस, आता बस. मी बसले नाही.

"आणि असं दुसऱ्याचं कर्ज मागायला माणूस आज संध्याकाळी घरी येणार असेल तर?"

या वेळी कुणी हसलं नाही.

माझे बाबा लिफ्ट दुरुस्त करतात. गावातल्या एक्केचाळीस लिफ्टमध्ये आरशाखाली त्यांचा मोबाइल नंबर चिकटवलेला आहे: अडकल्यास फोन करा. म्हणून आमच्या घरात एकच कायदा. फोन दुसऱ्या रिंगच्या आत उचलायचा. तोंडात घास असो, अंगाला साबण असो. पलीकडे कुणीतरी बंद डब्यात घामाघूम उभं असतं.

सात महिन्यांपूर्वी याच नंबरवर एक फोन आला: मोटरसायकलच्या कर्जाचे हप्ते थकलेत. बाबा म्हणाले, माझ्याकडे साधी सायकलही नाही. पलीकडच्याने कर्जदाराचा पत्ता वाचून दाखवला, तेव्हा त्यांच्या डोक्यात प्रकाश पडला. ती इमारत त्यांच्याच लिफ्टची. पठ्ठ्याने अर्जात आरशाखालचा नंबर ठोकून दिला होता. बाबांनी तसं सांगितलं. फोनवाला म्हणाला, मग तुम्ही तो नाही हे सिद्ध करा, ओळखपत्राचा फोटो पाठवा. आणि बाबांनी पाठवला. लपवायचंय काय त्यात, असा त्यांचा स्वभाव. महिन्याभरात ते कर्ज बाबांच्या नावावर! हे कळलं तेही स्कूटरसाठी कर्ज मागायला गेल्यावर. बँकेने तोंडावर सांगितलं, तुमची नोंद थकबाकीदार म्हणून आहे.

तेव्हापासून दिवसाला पंधरा-वीस फोन. नंबर दर वेळी नवा. दुसऱ्या कुणी अनोळखी नंबर उचलणंच बंद केलं असतं. बाबांना ते जमत नाही. एकदाच, तीन आठवड्यांपूर्वी, जेवताना त्यांनी फोन उशीखाली ठेवला. त्या पाऊण तासात एक निवृत्त नर्स तिसऱ्या आणि चौथ्या मजल्याच्या मध्ये लटकून होती. तिला काही झालं नाही. जे झालं ते बाबांना. फोन वाजत नसतानाही ते दचकून खिसा चाचपायला लागले. आणि परवा आईला म्हणाले, "अठरा हजार मागतोय ना तो वसुलीवाला, घरी आला की देऊन टाकतो. माझा फोन तरी मला परत मिळेल."

हे सगळं मी एका दमात सांगून टाकलं. मॅडमनी माझ्याकडे नीट पाहिलं. "वडिलांना सांग, एक रुपया द्यायचा नाही, सही करायची नाही. दिलं म्हणजे कर्ज मान्य केलं, असंच ते म्हणणार." बाकीचं त्या भराभर सांगत गेल्या आणि मी तळहातावर लिहीत गेले. माणसाचं ओळखपत्र बघा. कंपनीचं पत्र मागा. स्वतःच्या कर्जाच्या नोंदीची प्रत मागवा. कंपनीकडे आणि या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, दोन्हीकडे लेखी तक्रार करा, पोच घ्या.

घंटा झाली तशी मी सुसाट सुटले.

वसुलीवाला आधीच येऊन बसला होता. मला वाटलं होतं, कुणी दांडगट असेल. हा तर कुणाच्याही मामासारखा, पाणी पीत होता. टेबलावर आईने ठेवलेलं पैशांचं पाकीट, शेजारी सहीसाठी एक कागद, आणि बाबांच्या हातात पेन.

"बाबा, थांबा. काका, तुमचं ओळखपत्र दाखवा. आणि कंपनीचं पत्र."

"पत्र ऑफिसात आहे, बाळ." मग तो बाबांकडे वळला. "साहेब, मुलीला आत पाठवा. नोंद अशीच राहिली तर उद्या हिच्याच शिक्षणाला कर्ज मिळायचं नाही."

बाबांचा चेहरा पडला. त्यांनी कागद जवळ ओढला. माझ्या तळहातावरची शाई घामाने पसरत चालली होती. मी वाचायचा प्रयत्न करत होते आणि वाचता येत नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. बाबांनी पेन टाकलं.

"बोला. किती जण आहात? घाबरू नका. दार ओढू नका, हवा येत असते आत. दहा मिनिटांत पोचतो, तोवर माझ्याशी बोलत राहा."

बाबांचा हा ठाम आवाज मी कित्येक महिन्यांत ऐकला नव्हता. त्यांनी पिशवी खांद्याला लावली, पाकीट उचललं आणि पान्यांच्या मध्ये खुपसलं. फोनवर हात ठेवून दारातून एवढंच म्हणाले, "पत्र घेऊन या, मग बोलू. ही सांगतेय ते बरोबर आहे."

वसुलीवाला मामा तसाच बसून राहिला. आईने त्याच्यासमोरचा पेला उचलून आत नेला, तेव्हा त्याला उठावंच लागलं.

बाबा साडेसातला परतले, कोपरापर्यंत ग्रीस. हात धुऊन तक्रार लिहायला बसले आणि अडले. वीस वर्षांत त्यांनी लिफ्टच्या नोंदवहीखेरीज काही लिहिलेलं नाही. शेवटी तसंच लिहिलं. तारीख. वेळ. बिघाड: कर्ज माझं नाही. कारण: ओळखपत्राचा फोटो मी विश्वासाने पाठवला, तो तुम्ही कर्जाला जोडला. दुरुस्ती: आपल्याकडून व्हावी. आई वाचून हसली, आणि मग डोळे पुसायला आत गेली. मी एक शब्द बदलू दिला नाही.

जेवायला बसलो आणि फोन पुन्हा वाजला. अनोळखी नंबर. बाबांचा घास हातातच राहिला, चेहऱ्यावर पुन्हा तीच धास्ती. मी त्यांच्या आधी फोन घेतला. हप्तावाल्यांचाच होता. नाव विचारलं, वेळ लिहिली, लेखी पाठवा म्हणून सांगितलं. मग आईबाबांकडे बघून मी म्हणाले,

"उद्यापासून मी शाळेतून आले की फोन माझ्याकडे. कुणी अडकलं असेल तर लगेच तुम्हाला देईन, बाकीच्यांना वहीत घेईन. तुम्ही दोघं निवांत जेवा. आणि बाबा, उचलेन दुसऱ्या रिंगच्या आतच."