जावयाचा आकडा

दवाखान्याच्या कपडेघरात चार यंत्रगाड्या होत्या. तिथला कारभार पाहणाऱ्या मावशींनी त्यांना नावं दिली होती: थोरली, मधली, धाकटी आणि जावई. तिघी दिवसभर पळायच्या, जावई मात्र पाहुण्यासारखा कोपऱ्यात उभा.

कामं त्या आपसांतच वाटून घेत. पडद्यावर 'तिसरा मजला, आठ चादरी' असं आलं, की प्रत्येक गाडी किती मिनिटांत पोचवेल तो आकडा सांगायची. सगळ्यात लहान आकडा ज्याचा, काम त्याचं. ना भांडण, ना रुसवा! माणसांना हे कधी जमायचं, देव जाणे. थोरली सात म्हणे, मधली सहा, धाकटी आठ, आणि जावई चक्क एकोणीस. मग काम कसलं मिळतंय?

"चारला येतो. सगळ्यात कमी कामं करणारी गाडी भंगारात," इंजिनिअर साहेबांनी सकाळीच फोनवर बजावलं. मावशींनी लगेच कोपऱ्यातल्या जावयाकडे पाहिलं. आळशी असला तरी त्यांचा जीव होता त्याच्यावर.

हा आकडा एवढा फुगवतो का, ते त्यांनी बघायचं ठरवलं. एक गठ्ठा मुद्दाम त्याच्यावर लादला आणि त्या मागोमाग निघाल्या. पहिल्याच वळणावर नर्सने त्याला अडवून पाठीवर छत्री ठेवली. पुढे कंपाउंडरने डबा ठेवला. लिफ्टपाशी दोन सफाईवाल्या त्याला टेकून गप्पा मारत राहिल्या. बाकीच्या तिघी गाड्यांना असा हात लावला तर त्या कर्कश ओरडायच्या. हा बिचारा थांबायचा आणि झालेला उशीर पुढच्या आकड्यात प्रामाणिकपणे मिळवायचा.

मावशींचा पारा चढला. "लाज नाही वाटत? तुमच्या फुकटच्या हमालीपायी तो भंगारात चाललाय!"

"आणि रोज एक वाजता त्याच्यावर बसून कॅन्टीनला कोण जातं, मावशी?" नर्सने विचारलं.

मावशींचा हात गुडघ्याकडे गेला. गुडघे दुखतात म्हणून वर्षभर त्या थाटात जात होत्या. स्वतःचं वजन त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

चारला साहेब आले तेव्हा मावशींनी सगळं कबूल केलं. साहेबांनी नोंदी उघडल्या.

"तरीच! रोज एक वाजता बहात्तर किलो कपडे कुठले, मला कळेना."

"अडुसष्ट," मावशी पुटपुटल्या.

साहेबांना हसू आवरेना. "हीसुद्धा कामंच आहेत. आजपासून सगळी नोंदवायची," असं म्हणून त्यांनी पडद्यावर टाकलं: 'मावशी, कपडेघर ते गेट.' वजन बघून तिघींनी हात वर केले. जावयाने सांगितलं, चार मिनिटं. मावशी वर बसलेल्या असताना त्याला अडवायची कुणाची छाती होती?

"न्यायचं कुणाला मग, साहेब?" मावशींनी विचारलं.

"कुणालाच नाही."

जावई मावशींच्या खुर्चीपाशी येऊन थांबला. मावशींनी डोळे पुसले, खांद्यावरची पिशवी काढून साहेबांच्या हातात दिली, तेवढंच ओझं कमी, आणि मग अलगद बसल्या.