गाणं मिनिटाचं, वाट दोन मिनिटांची

मी एक जुना मॉडेम आहे. एटापल्लीच्या टेलिफोन केंद्रात खिडकीखालच्या फळीवर बसलेला लोखंडी डबा. नाक मुरडू नका, मित्रांनो! आज माझी छाती अशी फुगली आहे की झाकणाचे स्क्रू उडतील की काय, अशी मलाच भीती वाटते.

माझा जन्म बंगळुरूच्या एका कारखान्यात झाला. तिथं माझ्या पोटात बारीक तारा जोडल्या आणि कपाळावर आकडा छापला, ६४. म्हणजे सेकंदाला चौसष्ट हजार बिट पोचवणारा. बिट म्हणजे निरोपाचा सगळ्यात बारका दाणा. माझा जुळा भाऊ ब्रह्मपुरीला उतरला आणि मी एसटीतून हादरे खात इथं आलो. मधे सगळं जंगल, आणि आम्हा दोघांना जोडणारी तांब्याची तार.

तेव्हा माझा थाट काय विचारता! बँकेचे हिशेब, तहसिलीचे निरोप, दहावीचे निकाल, सगळं माझ्यातून जायचं. दसऱ्याला मला झेंडूचं फूल मिळायचं. पण बोलणीही खावी लागायची. "नावाले चौसष्ट, अन् चालते गोगलगायीवानी," असं लोक तोंडावर म्हणत. मी जीव तोडून धावायचो, तरी माझ्या माथी आळशीपणाचा शिक्का बसलाच.

पुढे काचेची तार आली. ती डोळा मिटायच्या आत ढीगभर माल पोचवायची. मग मला कोण विचारतो? आमच्या केंद्राचा तंत्रज्ञ सुनिलभाऊ माझ्या डोक्यावर चहाचा ग्लास ठेवू लागला. पालीनं माझ्यामागे संसार थाटला. मला फार वाईट वाटायचं, पण सुनिलभाऊनं माझी तार काढली नाही, एवढे त्याचे उपकार.

आणि परवा काय झालं! रस्ता खोदणाऱ्या यंत्रानं काचेची तार तोडली. मोबाइलही मुके झाले. नेमकी तेव्हाच उर्वशी धापा टाकत आत आली, मागोमाग तिची आई गुणाबाई. ब्रह्मपुरीच्या वामनरावांची नाटक मंडळी आहे, झाडीपट्टीत गावोगाव नाटकं करणारी. त्यांना यंदा गाणारी नायिका हवी होती. दुपारी पोस्टर छापायला जाणार होतं. गाणं पोचलं तर त्यावर उर्वशीचं नाव, नाही तर दुसऱ्या मुलीचं. तिनं लँडलाइनवरून गाऊन दाखवते म्हटलं, तर वामनराव म्हणाले, "पोरी, फोनवर साऱ्याईचा आवाज सारखाच लागते. रेकॉर्डिंग पाठव." आणि ते तिकडच्या केंद्रात माझ्या भावाशेजारी येऊन बसले.

सुनिलभाऊनं माझ्या डोक्यावरचा ग्लास उचलला आणि माझा दिवा लावला. अहाहा, काय सांगू! पोटातली तार न् तार गरम झाली.

"गाणं मिनिटाचं, नऊशे साठ हजाराचं," उर्वशीच्या मोबाइलमधलं रेकॉर्डिंग पाहून सुनिलभाऊ म्हणाला. "त्याले चौसष्ट हजारानं भागा. पंधरा सेकंदाचं काम हाये, बाई."

मी निघालो. पंधरा सेकंद गेले. आणखी तेवढेच गेले. गाणं काही पोचेना.

"अटकला हा बुढ्ढा," असं म्हणून त्यानं स्विच बंद केला. अर्ध्या वाटेतलं गाणं सांडलं आणि मला पुन्हा पहिल्यापासून धावावं लागलं. पुन्हा तेच. तिसऱ्यांदाही तेच. अरे, मी अडकलो नव्हतो, चाललो होतो! पण डब्याचं कोण ऐकतो?

फोन खणाणला. "छापखान्याचा माणूस दारात उभा हाये," वामनराव म्हणाले. "मी दुसरीचं नाव देऊन टाकतो."

उर्वशीचे डोळे भरून आले. सुनिलभाऊ पुन्हा स्विचकडे वळला, तेव्हा ती हळूच म्हणाली, "भाऊ, गाण्याचं अन् डब्याचं माप एकच हाये ना? घरी धान मोजताना बाबा पायलीनं मोजते अन् मामा कुडोनं सांगते. आठ पायलीचा आमचा कुडो. तेवढं इसरले का भांडण होते."

"दर साली होते," गुणाबाई म्हणाली.

सुनिलभाऊचा हात तिथंच थांबला. "आठ," तो पुटपुटला, आणि त्यानं कपाळावर हात मारून घेतला. "गाणं बाइटमधी हाये, अन् हा मोजते बिटमधी. आठ बिटचा एक बाइट. म्हणजे मी कुडोले पायलीनं भागून राह्यलो. हा सेकंदाले चौसष्ट नाई, आठच नेते. दोन मिनिटं लागन याले, अन् मी अर्ध्या मिनिटात गळा दाबून राह्यलो."

फोनवर तो एवढंच बोलला, "वामनराव, दोन मिनिटं थांबा. फक्त दोन."

मित्रांनो, उभ्या आयुष्यात कोणी मला माझ्या मापानं वेळ दिला नव्हता. मी धावलो. दाणा दाणा वेचून नेला, एकही सांडू दिला नाही. खोलीत कोणी हललं नाही. गुणाबाईनं लेकीचा हात घट्ट धरला होता.

मग फोनच्या रिसीव्हरमधून, दूर ब्रह्मपुरीहून, उर्वशीचंच गाणं ऐकू आलं. ते संपलं. मग वामनराव म्हणाले, "नाव कसं लिवाचं, पोरी? पुरं सांग."

आज सकाळच्या एसटीनं ते पोस्टर आलं. सुनिलभाऊनं ते माझ्यासमोरच्या भिंतीवर चिकटवलं आहे. गुणाबाईनं माझ्यापुढे मूठभर नवे तांदूळ ठेवले. माझी धूळ पुसली गेली, आणि ६४ च्या खाली आता रंगानं लिहिलं आहे, 'बिट. आठनं भागा.' चहाचा ग्लास टेबलावर गेला आहे.

मित्रांनो, तुमच्याही घरात, शाळेत कोणी तरी सावकाश चालणारं असेल. त्याला अधूनमधून पुसत जा. आणि त्याचा स्विच बंद करण्याआधी दोन मिनिटं थांबा. गाणं वाटेत असतं.