डेरेक चार वाजता चहा पितो

ऑड्रीबाईंना एक खोड होती. वही तपासताना त्या क्रियापदं वाचत, माणसं वाचत नसत. चाळीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवल्यावर ही खोड लागतेच. शिंप्याला समोरचा माणूस दिसत नाही, उसवलेली शिवण तेवढी दिसते. निवृत्तीनंतर मंगळवारी आणि शुक्रवारी त्या चॅपलच्या हॉलमध्ये परदेशी कामगारांना फुकट शिकवत. कोबी भरण्याच्या शेडमधली, मासळीच्या कारखान्यातली माणसं सकाळची पाळी संपवून, हातांना वास घेऊन, दोनच्या ठोक्याला हजर होत.

नेहमीच खऱ्या असतात त्या गोष्टी इंग्रजीत साध्या वर्तमानकाळात सांगतात, आणि ते शिकवायला बाईंची तीन वाक्यं ठरलेली होती. सूर्य पूर्वेला उगवतो. भरती दिवसातून दोनदा येते. डेरेक चार वाजता चहा पितो. बाई ती फळ्यावर लिहीत आणि सगळा वर्ग ती एका सुरात दोनदा म्हणे. दोनदा म्हटल्याशिवाय वाक्य पक्कं होत नाही, असा बाईंचा नियमच होता.

"बाई, हा तुमचा डेरेक कधी कॉफी पीत नाही का हो?" रोमानियाचा ग्रिगोरे विचारायचा.

"नाही. म्हणून तर वाक्य असं आहे."

"नशीबवान नवरा! माझी बायको चार वाजता नुसत्या शिव्या देते."

"तेही वाक्य बरोबर आहे. घे लिहून."

वर्ग खो खो हसायचा. डेरेक तीन वर्षांपूर्वी, फेब्रुवारीत, स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसल्या बसल्या गेला, हे बाईंनी वर्गाला कधीच सांगितलं नव्हतं. पावणेचार झाले की त्या खडू ठेवून लगबगीने घरी निघत. दोन कप चहा करत, एक त्याच्या जागी ठेवत आणि बागेत पाखरांना दाणे टाकायला जात. परत येईतो तो कप रिकामा झालेला असे. त्यावर त्या विचार करत नसत. हल्ली त्याच्या शेजारची खुर्चीही जराशी बाहेर ओढलेली असायची, कुणी 'बस ना' म्हणावं तशी. बाईंना ते आवडायचं.

मार्चमध्ये त्यांनी गृहपाठ दिला होता: आपल्या घरातल्या पाच नेहमीच्या गोष्टी लिहा. लिथुएनियाची दानुते वर्गात नवीनच आलेली, अबोल, पस्तिशीची. तिने लिहिलं: माझा नवरा वाळूवर शिंपले गोळा करतो. तो सहा वाजता घरी येतो. तो बूट दारात काढतो. तो सूप पितो. तो माझ्याशी भांडत नाही. पाचही क्रियापदं बिनचूक! बाईंनी हिरव्या शाईने, कारण लाल शाईने माणसं बिचकतात असं हल्ली म्हणतात, पाचही ठिकाणी टिक मारली, खाली 'शाबास' लिहिलं आणि ती वाक्यं वर्गाकडून दोनदा म्हणवून घेतली.

मे उजाडेपर्यंत दानुते वाळून काडी झाली. वर्गात बसल्या बसल्या ती दाराकडे बघत राही. एका शुक्रवारी वर्ग सुटल्यावर तिची शेजारीण फिलोमेना, पोर्तुगालची, जिभेला हाड नसलेली बाई, ऑड्रीबाईंना आडवी आली.

"बाई, त्या दिवशी आमच्याकडून काय वदवून घेतलंत तुम्ही? तिचा केस्तास दोन वर्षांमागे भरतीत बुडाला. मी तर तोंड मिटूनच बसले होते."

एका शिंपलेवाल्याला पाण्याने ओढून नेल्याची बातमी बाईंनी वाचली होती. पण बातमीतला माणूस आणि वहीतला नवरा यांची सांगड त्यांनी घातली नव्हती. त्यांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. त्या दिवशी चहा करून, दाणे टाकून त्या तडक दानुतेच्या घराकडे निघाल्या. माफी तरी मागावी म्हणून.

सहा वाजत आले होते, लख्ख ऊन होतं आणि बांधापलीकडे भरती चढत होती. दानुतेने दार उघडलं. टेबलावर बिटाच्या गार सुपाचे दोन वाडगे मांडलेले होते. दाराशी वर्तमानपत्रावर गमबुटांचा एक जोड होता, ओल्या वाळूने माखलेला. जोड बायकी मापाचा होता.

"दानुते, माफ कर ग मला. मी न वाचताच टिक मारली."

"रागावू नका बाई, पण मला तेव्हा बरंच वाटलं होतं. त्याच संध्याकाळी आला तो."

"कोण आला?"

"केस्तास. बरोबर सहाला. बूट दारात काढले, सूप प्याला, आणि अजिबात भांडला नाही." दानुते कसनुसं हसली. "जिवंत असताना एक दिवस भांडल्यावाचून गेला नव्हता. म्हणून तर मला लगेच कळलं, हा वहीतल्या वाक्यातून आलाय."

"आणि हे बूट?"

"सोमवारी आणले त्याने. माझ्या मापाचे. बोलत नाही, नुसते माझ्या पायांशी सरकवतो. काल मी एका पायात घातला, बाई. घातला आणि इतकं बरं वाटलं! आज दुसरा घालेन, मला माहीत आहे. मग आम्ही दोघं वाळूवर जाऊ."

"अग वेडे, मग खोडून टाक ना ते वाक्य!"

"खोडलं. तरी आला. बरोबर आहे असं मी कुठे म्हटलं होतं? ते तुम्ही म्हणालात."

बाईंना हे सगळं हसण्यावारी न्यायचं होतं. तेवढ्यात बाहेर पायवाटेवर पावलं वाजली. सावकाश, जड, आणि दर पावलाला पाणी निथळल्याचा आवाज. दानुतेने खाली वाकून बूट जवळ ओढला.

"वही!" बाई ओरडल्या. "वही कुठाय?"

वही ब्रेडच्या डब्यामागे होती. बाईंनी पेनाचं टोपण दातांनी ओढून काढलं. बाहेर कडी हलली. त्यांनी हिरव्या टिकवर काट मारली, 'येतो' खोडलं आणि वर 'यायचा' लिहिलं.

"म्हण माझ्याबरोबर. मोठ्याने. तो सहा वाजता घरी यायचा."

दानुते दाराकडेच बघत राहिली. बाईंनी वर्गात पट्टी आपटावी तसा टेबलावर हात आपटला. मग दोघींनी म्हटलं. एकदा म्हटलं तेव्हा कडी थांबली. दुसऱ्यांदा म्हटलं तेव्हा बाहेर काहीच नव्हतं, फक्त पाणपक्षी ओरडत होते.

बाईंनी दार उघडलं. पायरीपर्यंत ओली पावलं उमटली होती. परत गेलेली पावलं नव्हती. आत वर्तमानपत्रावर बूट नव्हते, नुसता ओला डाग होता. दानुते जमिनीवर बसून हमसाहमशी रडत होती. बऱ्याच वेळाने तिने तोंड पुसलं.

"बाई, तुम्ही पावणेचारला जशा पळता ना, तशीच मी सहाच्या आत पळायचे." ती दबकत म्हणाली. "तुमच्या डेरेकने तुमच्यासाठी अजून काही आणलं नाही ना?"

बाईंनी पर्स उचलली आणि त्या बाहेर पडल्या.

शनिवारी कप रिकामा झाला. रविवारीही झाला, आणि खुर्ची पार टेबलापासून दूर ओढलेली होती. सोमवारी बाई तिच्यात बसल्या. फक्त टेकावं म्हणून. इतकं निवांत वाटलं, इतकं ऊबदार, की जेवायचं राहिलं, फोन वाजला तो घ्यायचा राहिला. भान आलं तेव्हा खिडकीत उजाडलं होतं. त्यांची बोटं बर्फासारखी गार पडली होती आणि शेजारी कुणीतरी त्यांच्याबरोबर श्वास घेत होतं. त्या श्वासाला बाई घाबरल्या नाहीत. उठावंसंच वाटत नव्हतं, याची मात्र त्यांना भीती वाटली.

मंगळवारी दोन वाजता त्यांनी सूर्य लिहिला, भरती लिहिली आणि खडू हातात घेऊन उभ्या राहिल्या. मागच्या बाकावरून दानुते बघत होती. शेवटी बाईंनी लिहिलं.

"बाई, चूक झाली!" ग्रिगोरे आनंदाने ओरडला. "'प्यायचा' लिहिलंत. आमचा डेरेक तर पितो!"

"चूक नाही," बाई म्हणाल्या. "डेरेक गेला. तीन वर्षं झाली त्याला. म्हणा सगळ्यांनी."

ग्रिगोरेने डोक्यावरची टोपी काढली. मग सगळ्यांनी हळू आवाजात म्हटलं, दोनदा. फिलोमेनासुद्धा म्हणाली.

पावणेचारला बाई घरी गेल्या. वेडी आशा म्हणून त्यांनी दोन कप केले आणि बागेत गेल्या. त्या दिवशी त्यांनी पाखरांना मूठ मूठ दाणे टाकले, डबा रिता होईपर्यंत. साडेचारला आत आल्या. खुर्ची टेबलाला चिकटून उभी होती. कप काठोकाठ भरलेला होता आणि वर साय धरली होती.

डेरेक दोन चमचे साखर घ्यायचा. बाईंना गोड चहा कधी सोसला नाही. त्यांनी तो गार, गोड चहा उभ्या उभ्या शेवटच्या घोटापर्यंत प्यायला, कप विसळून पालथा घातला आणि मग तीन वर्षांत पहिल्यांदा पोटभर रडल्या.