दक्षाच्या झाडाचा ओटा

काकड्याकाका नर्सरीत आले ते चिकूची एक वाळकी फांदी फडक्यात गुंडाळून. माझी नर्सरी नरपडला, त्यांचा पाडा तलासरीच्या पुढे. दोन गाड्या बदलून आले होते. फांदी टेबलावर ठेवून म्हणाले, "ताई, दक्षाचं झाड शेंड्याकडनं मरतंय. तुम्ही चला."

दक्षा त्यांची एकुलती एक मुलगी. माझ्याकडे कलमं बांधायला होती. हात हलका, तोंड माझ्याइतकंच फटकळ, त्यामुळे आमचं रोज वाजायचं आणि रोज जमायचं. तिला सिकलसेलचा आजार होता. सांधे धरले की जाळीच्या शेडमध्ये अंग मुडपून बसून राहायची आणि वर मलाच सुनवायची, बघत काय उभ्या राहिलात, पाणी सोडा. बाविसाव्या वर्षी गेली. हा आजार आईबापाकडून येतो, दोघांच्याही रक्तात असावा लागतो, असं डॉक्टरांनी काकांना समजावलं होतं. यात तुमचा दोष नाही, हेही सांगितलं होतं. काकांच्या मनात पहिलं तेवढं राहिलं.

एरवी मी कुणाचं झाड बघायला जात नाही. लोक आधी दुकानदाराला विचारून तीन औषधं मारतात, मग माझ्याकडे येऊन चौथं मागतात. शेंडा वाळला की शेंड्यावर फवारा, एवढंच त्यांना कळतं. पण दक्षाचं झाड म्हटल्यावर मी गाडी काढली आणि काकांना शेजारी बसवलं.

अंगणात शिरताच झाडाआधी ओटाच दिसला. काका गवंडी. सगळं आयुष्य बोईसरच्या इमारती बांधण्यात गेलं. मुलगी गेल्यावर तिने लावलेल्या चिकूभोवती त्यांनी गोल ओटा बांधला होता, गुडघ्याच्या वर उंच, वरून पांढऱ्या लाद्या, कडेला नक्षी. इतका सुबक ओटा मी आमच्या गावात पाहिलेला नाही.

"आत मुरूम भरलाय," काका म्हणाले. "थर टाकून, पाणी मारून, धुमसानं ठोकून घेतला. पोकळ काम मी करत नाय. सांजच्याला पाड्यातल्या बाया इथं बसतात. पोरीचं नाव निघतं."

मी झाड बघू लागले. एकाच बाजूची फांदी मेली असती तर मी खोडकिडा शोधला असता, पण इथे चहूकडचे शेंडे वाळले होते. कुठे भोक नव्हतं, भुसा नव्हता, डिंक नव्हता. फांदी कापून पाहिली, आत बुरशीचा काळा डाग नव्हता. नखाने साल खरवडली. वरती तपकिरी, हातभर खाली हिरवी, पण फिकट. राहिलेली पानं बारकी आणि पिवळी. झाड असं सगळीकडून वाळत खाली येतं तेव्हा दुखणं बहुतेक वेळा शेंड्यात नसतं, मुळाशी असतं.

मग खोडाकडे नजर गेली. खोड जमिनीत शिरताना बुंध्याशी पसरतं. हे मात्र लादीतून विजेच्या खांबासारखं सरळ वर आलं होतं. कलमाचा सांधासुद्धा गाडला गेला होता. काका पाणी आणायला आत गेले तेव्हा मी खोडाजवळची एक सैल लादी उचलली आणि बोटं आत घातली. मुरूम ओलाचिंब, गटारीचा वास, आणि साल भिजलेल्या कागदासारखी हातात आली. मुळांना हवाच मिळाली नव्हती. पावसाचं पाणी आत शिरलं ते तिथेच साचून राहिलं, कारण काम पक्कं होतं.

लादी मी होती तशी बसवली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, कुणावर ते कळत नव्हतं.

काका तांब्या घेऊन आले, तो मी हातात घेतला. त्यांच्या मागे त्यांची बायको बुधीबाई दाराला टेकून उभी राहिली.

"बुरशी आहे, काका," मी म्हणाले. "हवेतून येते. आता उशीर झाला, झाड वाचणार नाही."

"म्हंजे बाहेरनं आली."

"बाहेरूनच."

"आमच्याकडनं नाय."

"नाही."

त्यांनी बुधीबाईकडे पाहिलं. तिने मान हलवली आणि ती आत गेली. झाड जाणार म्हणून काकांना वाईट वाटत होतं, तरी दक्षा गेल्यापासून त्यांचा चेहरा इतका मोकळा मी पाहिला नव्हता. खोटं बोलले ते बरंच केलं, असं मला वाटलं. झाड काही माझ्या खरं बोलण्याने जगणार नव्हतं.

"मग मागचं तरी वाचवतो," काका म्हणाले.

दक्षाने दोन कलमं नेली होती, हे मी पार विसरले होते. दुसरं घरामागे उभं होतं, पानांनी गच्च, फळांनी लगडलेलं. त्याच्या बुडाशी विटा रचलेल्या होत्या, बाजूला मुरमाचा ढीग, सिमेंटच्या गोणीवर प्लास्टिक.

"ह्याचा ओटा राहिला होता," काका म्हणाले. "उद्या बांधूनच टाकतो. चारी बाजूनी बंद करतो, बुरशीला शिरायला जागा नको."

मी विटांकडे बघत राहिले. काहीतरी सांगून सुटता येईल का, तेही मनात चाचपून पाहिलं. पण हा माणूस मायेने बांधणार होता, आणि मी पाठ फिरवताच बांधणार होता.

"काका, ओटा बांधू नका. अंगणातलं झाड ओट्यानेच मेलं. बुरशी नव्हती."

मग मी सगळं सांगितलं. मुळं कशी श्वास घेतात, मुरूम दाबल्यावर काय होतं, साल कशी कुजली. काकांनी कामाची गोष्ट ऐकावी तसं नीट ऐकून घेतलं.

"मुरूम ठोकला नसता तर?"

"थोडं जास्त जगलं असतं."

"म्हंजे काम चांगलं केलं म्हणून मेलं."

"तुम्हाला कुठे माहीत होतं, काका," मी कसंबसं म्हणाले. "तुमचा काही दोष नाही."

"डॉक्टरपण असंच बोलला होता."

बोलणं ऐकून बुधीबाई मागे आली. काका तिला एवढंच म्हणाले, "ह्या झाडाला पाणी आजपास्नं तू घाल. मी हात लावणार नाय."

"पाण्याने काही होत नाही," मी म्हणाले. माझा आवाज चढला होता. "पाणी हवंच आहे त्याला. तुम्हीच घाला." मी पाण्याचा तांब्या त्यांच्यापुढे धरला.

काकांनी दोन्ही हात पाठीमागे नेले. बुधीबाईने माझ्या हातातून तांब्या घेतला आणि झाडाच्या बुडाशी रिकामा केला. ती पाणी घालत होती तेवढा वेळ काका मागे मागे सरकत गेले आणि आपली सावली झाडावर पडणार नाही इतक्या लांब जाऊन उभे राहिले.