कंसातला स्वल्पविराम

एक स्वल्पविराम. काचेची पेटी. पुसलेल्या दोन ओळी. गार पडलेली इवली पावलं.

मित्रांनो, मी आहे चाळीस ओळींची एक जुनी स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाचा छोटासा प्रोग्राम. माझ्या मनात राग आहे आणि तो मी लपवणार नाही.

मला ताईंनी लिहिलं. आमच्या छोट्या कचेरीतल्या त्या एकट्या प्रोग्रामर. डेटाबेसमधल्या तक्त्यांची व्याख्या, म्हणजे कोणत्या रकान्यात काय आणि केवढं मावेल याचं वर्णन, मी वाचायची आणि त्यावरून नवे तक्ते बांधायची. वाचायला माझ्याकडे रेजेक्स नावाचे, मजकुरात ठरावीक खुणा शोधणारे साचे होते. स्वल्पविराम दिसला की रकाना संपला, एवढंच मला ठाऊक. पण वजनासारख्या रकान्यात कंसात दोन आकडे असतात: एकूण अंक किती आणि त्यातले दशांशाचे किती. त्यांच्यामध्येही स्वल्पविराम! तिथे मी दुसरा आकडा गाळायची आणि दशांश उडून जवळचा पूर्ण आकडा उरायचा. म्हणून ताईंनी माझ्या डोक्यावर दोन ओळी लिहिल्या: ‘कंसात स्वल्पविराम असेल तर हिला चालवू नका. मला हाक मारा.’

चार वर्षं राबले. ताई म्हणायच्या, “गुणाची गं माझी बाई!”

मग कचेरीच्या साहेबांनी ताईंना कामावरून काढलं. “गिऱ्हाईक बघेल तर म्हणेल, माल कच्चा आहे,” असं पुटपुटत त्या दोन ओळी पुसल्या, तिथे स्वतःचं नाव घातलं आणि मला एका प्रसूतिगृहाच्या कामाला जुंपलं.

वजनाचा रकाना आला. कंस. स्वल्पविराम. मी ओरडले नाही. म्हटलं, भोगा आता.

एक किलो आठशेचं बाळ नव्या तक्त्यात दोन किलोचं झालं. उबेची काचेची पेटी दोन किलोच्या आतल्यांनाच मिळायची; त्याला मिळाली नाही. सुट्टीवरून परतलेल्या परिचारिकेने त्याला आईजवळून उचललं, पावलं गार लागताच पेटीत ठेवलं आणि साहेबांना बोलावून घेतलं.

“अहो, हातात घेतलं तरी कळतं, हे दोन किलो नाही! आणि तुमच्या कागदावर सगळी बाळं दोन नाहीतर तीन किलोची? साच्यातून काढलीत का?”

मोठ्या डॉक्टरीणबाईंनी मला उघडायला लावलं. “हे कोणी लिहिलं?”

“ते आमच्या आधीच्या बाईंनी...”

“नाव तर तुमचं दिसतंय.”

साहेबांचं तोंड एवढंसं झालं. काम गेलं, पत गेली. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

मित्रांनो, कुणी सावध करून ठेवलेलं पुसू नका. पुसलंत, तर माझ्यासारखीकडून दयेची आशा धरू नका.

त्या बाळाचं वजन नोंदलं तो सोमवार होता. परिचारिकेने त्याला उचललं तो गुरुवार.